माझं नाक, सहा बाटल्या मसाला आणि सेलिनाचा खोकला

आमच्या घरात माझ्या नाकाला खुर्ची आहे. मला नाही, नाकाला.

ही खुर्ची वर्षातून एकदाच मांडली जाते. ईस्टर झाला, मिरच्या गच्चीवर वाळून कडकडीत झाल्या, की वसईतल्या आमच्या वाडीत मसाल्याचा दिवस ठरतो. मिरच्या निवडणं, धणे पाखडणं, चूल पेटवणं, भाजणं, कुटून आणणं, बाटल्यांत ठासून भरणं ही सगळी कामं बायका करतात. घरातला थोरला पुरुष फक्त एक काम करतो. चुलीपासून पाच पावलांवर खुर्ची टाकून बसतो, डोळे मिटतो, वास घेतो आणि योग्य क्षणी म्हणतो, "उतरवा." माझे आजोबा म्हणायचे, पप्पा म्हणायचे, आता वीस वर्षं मी म्हणतो. (धाकटा भाऊ इनास त्या खुर्चीकडे वीस वर्षं ज्या नजरेनं बघतो, ती मला डोळे मिटूनही दिसते.)

तर गेल्या नाताळात मला सर्दी झाली. साधी सर्दी. मेडिकलवाल्यानं नाकात घालायच्या थेंबांची एक इवलीशी बाटली दिली. दोन थेंब घातले आणि रविवारी सकाळी चर्चचा मोठा दरवाजा उघडावा तसं नाक सताड उघडलं. सर्दी आठवड्यात गेली. थेंब राहिले. आधी रात्री झोपताना, मग सकाळी उठल्यावर, मग दर दोन तासांनी. एक बाटली पँटच्या खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, एक देवघरात मेणबत्त्यांच्या मागे.

सेलिना म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "नाकाच्या डॉक्टरला दाखवा."

"साधं सायनस आहे," मी म्हणालो.

"वास येतो का तुम्हाला?"

हा प्रश्न मला, त्या खुर्चीच्या मालकाला! मी इतका दुखावलो की चहा अर्धा टाकून उठलो. खरं सांगायचं तर सुका बोंबील आणि चाफ्याचं फूल यांतला फरक मला आता फक्त डोळ्यांनी कळत होता. पण हे बोलून दाखवायचं म्हणजे इनासला खुर्चीचं आमंत्रणच.

मसाल्याचा दिवस उजाडला. मी आत जाऊन चार थेंब जास्तीचे घातले, बाहेर आलो, बसलो, डोळे मिटले. कढईत धणे पडल्याचा आवाज आला. वास? काही नाही. थोड्या वेळानं सेलिना हळूच खोकली. ती पुन्हा खोकली, जरा मोठ्यानं.

"इतका खोकला आहे तर डॉक्टरला दाखव," मी डोळे न उघडता म्हणालो. "माझं लक्ष विचलित होतं."

त्यावर आमच्या बोलीत ती जे म्हणाली ते इथे छापण्याजोगं नाही. कालथा ठेवल्याचा आवाज आला आणि ती ओट्यावर जाऊन बसली. इनासच्या बायकोनं, रोझीनं कालथा हातात घेतला.

"भावजी, उतरवू का?"

"अजून कच्चे आहेत."

"धूर येतोय, भावजी."

"चूल आहे, धूर येणारच."

मग रोझीला ठसका लागला, इनासला लागला, शेजारची मावशी पदर नाकाला लावून कुंपणापाशी आली आणि विचारू लागली, "काय जळतंय रे तुमच्याकडे?" अख्खं अंगण खोकत होतं. मी एकटा ताठ बसलो होतो. मला वाटलं, काय ही आजची माणसं, पप्पांच्या वेळी कोणी शिंकतसुद्धा नव्हतं! माझ्या मते बरोबर वेळ झाली तेव्हा मी म्हणालो, "उतरवा." डोळे उघडले. धणे काळ्या मिऱ्यांसारखे दिसत होते. पण खुर्चीत बसलेला माणूस माघार घेत नाही. मी चिमूटभर नाकाशी नेले आणि जाहीर केलं, "दहा वर्षांत असा मसाला झाला नाही."

"तुम्ही म्हणता तर," रोझी म्हणाली.

तो मसाला कुटायला गोखिवऱ्याच्या डंकावर रवाना झाला. मी उठलो, खुर्ची उचलायला वाकलो आणि खिशातून बाटली टपकन खाली पडली. सेलिनानं ती उचलली आणि हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसमोर होतो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि समोरच्या टीव्हीवर माझ्या नाकाचं आतलं दर्शन सेलिनाला घडवलं. सगळं सुजलेलं, लालभडक.

"पडदा थोडा वाकडा आहे, पण ऑपरेशनची गरज नाही," ते म्हणाले. "हे थेंब किती दिवस घालताय?"

"अधूनमधून."

"चार महिने," सेलिना म्हणाली. "देवघरातसुद्धा."

"काका, हे चार-पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात. तुमचं नाक आता या थेंबांमुळेच बंद होतंय."

मी संतापलो. जी वस्तू नाक उघडते तीच ते बंद करते? मग ती विकता कशाला? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "डबीवर लिहिलेलं असतं." (तिथली अक्षरं वाचायला चष्मा नाही, दुर्बीण लागते. तीच त्यांनी माझ्या नाकात घालून ठेवली होती.) थेंब बंद, वेगळा स्प्रे सुरू, रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. पहिले दहा दिवस मी तोंडानं श्वास घेत घरभर चिडचिड करत फिरलो.

पण दोन महिन्यांनी वास परत आला. एका दुपारी, पापलेटच्या कालवणासकट. पहिला घास नाकाशी आला आणि मी ताट सरकवलं.

"हा मसाला कोणी जाळला?"

"तुम्ही," सेलिना म्हणाली.

"आणि तुम्ही सगळे दोन महिने हे मुकाट्यानं खाताय?"

"आम्ही कशाला खाऊ? आम्ही पुढच्याच आठवड्यात रोझीकडे दुसरा केला. हा तुमचा. दहा वर्षांत झाला नाही म्हणालात, म्हणून सगळा तुम्हाला ठेवला."

तिनं कपाट उघडलं. सहा बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, प्रत्येकीवर माझं नाव.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "दुसऱ्या मसाल्याचा वास कोणी घेतला? इनासनं?"

"कोणी नाही. धण्यांचा रंग बघितला आणि उतरवला. दरवर्षी तसंच करते. रंग आला की मी खोकते आणि मग तुम्ही म्हणता, उतरवा. तुमच्या आई खोकायच्या तेव्हा पप्पा म्हणायचे. यंदा मी दोनदा खोकले, तर मलाच डॉक्टरकडे पाठवायला निघालात."

खुर्ची सध्या माळ्यावर आहे. इनास ती मागायला आलेला नाही. रोझीनं त्यालाही सांगितलं असावं.

वाया घालवायचं नाही हा सेलिनाचा नियम, त्यामुळे माझं कालवण रोज माझ्यापुरतं वेगळ्या टोपात होतं. अजून साडेचार बाटल्या शिल्लक आहेत आणि माझं नाक आता वाडीतल्या कोणाहीपेक्षा तिखट झालंय. काल मी डॉक्टरांना फोन करून अगदी नम्रपणे विचारलं, "ते जुने थेंब, फक्त जेवणाआधी, दोनच... चालतील का?"