बत्तीसची वजाबाकी

हिल्का पावणेपाचला उठायची. तळ्यावरून दोन कॅन पाणी आणायचं, कॉफी ठेवायची, सहाला टेबलाशी. कायानी गावाबाहेरच्या तिच्या घराची विहीर उन्हाळ्यातच आटली होती. जमीन गोठायच्या आत खडकात बोअर मारायची, तर कामाचे पैसे लवकर हातात हवे होते. आणि लाकूडतोड यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड नीट चालल्याशिवाय यंत्रवाली कंपनी पैसे देणार नव्हती.

काम सांगायला सोपं. चिपमध्ये एक पहारेकरी असतो. ब्रेक दाबला, तेल तापलं, की ज्याच्या त्याच्या तारेवरून त्याला हाक जाते. तो प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावतो. पण कुठली तार कशाची, हे कर्नलला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, आपोआप कळत नाही. ते फाइलीत लिहून द्यावं लागतं. हिल्का एकवीस वर्षं तेच करत होती. या वेळी ओळी अकरा. दिवस मात्र एकोणीस गेले.

ब्रेकची तार मुकी होती. भलत्याच तारेवर लाखभर हाका येत, कर्नल शेरा मारी, "कुणी दखल घेतली नाही," आणि ती तार बंद करी. हिल्काने शेरा वाचला. काही वाटलं नाही. गिरणीत कान बधिर होतात, तसं तिचं झालं होतं.

कंपनीतल्या वेसाचा फोन आला.

"काय गं, ब्रेक नाहीच? मग झाडावर आपटून थांबवायचं का यंत्र?"

"झाडं भरपूर आहेत."

"बत्तीस वजा केलेस ना?"

"तू बुटाची नाडी बांधायला शिकत होतास, तेव्हापासून करतेय."

पहिल्या बत्तीस तारा प्रोसेसरच्या स्वतःच्या. चिपवाले त्या धरून मोजतात, फाइलीत त्या सोडून मोजायचं असतं.

"अगं बाई, या चिपवाल्यांनी त्यांच्या माहितीपुस्तकातच आधी वजा केलेत. पान चारशे बारा, तळटीप बघ."

तिने पाहिलं. खरं होतं. तिचा हात सवयीने पुन्हा वजा करून गेला होता. तिने चव्वेचाळीस खोडलं, शहात्तर लिहिलं. बोर्ड सुरू केला. ब्रेकने हाक दिली, कर्नलने ओ दिली.

"चाललं? मग एक शिवी तरी हासड!"

"कुणाला?" म्हणून तिने फोन ठेवला.

ऑक्टोबरात बोअरवाले आले. ब्याण्णव मीटरवर पाणी लागलं, लालसर, लोखंडाच्या चवीचं. हिल्का पेलाभर प्यायली. एकोणीस दिवसांची सगळी कमाई त्या भोकात गेली.