ओढ्यापलीकडचा ठिपका

कुणी जुना शब्द बोललं की सोनवणे गुरुजी असतील तिथं चप्पल काढून खाली बसत. खिशातलं कार्ड काढून शब्द लिहीत, आणि खाली बोलणाऱ्याचं पूर्ण नाव. "ज्याचा बोल, त्याचं नाव," हे त्यांचं ठरलेलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोणत्या गावात कोणता शब्द टिकलाय, कोणता गेला, हे आमचं भाषेचं खातं संगणकाकडून नकाशावर काढून घेत होतं. गुरुजी केदारखेड्याकडचे शिक्षक. शाळा सुटली की पायी फिरून कार्डं भरायचे. त्यावरून मी यंत्राच्या कार्डांना भोकं पाडायची; संगणक ती भोकंच वाचायचा. दिवसभर तेच. मान धरायची. खरं सांगते, वीट आला होता.

यंत्राच्या कार्डावर नावाला जागा नव्हती. शिवाय एका गावाचा एकच माणूस, असा नियम. गुरुजींनी स्वतःच्या गावातून दोघांचे शब्द पाठवले: पाटलांच्या वडिलांचे, आणि ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या गयाबाईंचे. गयाबाई म्हणजे त्यांची आई. खात्याच्या साहेबांनी तिच्या कार्डांचा गठ्ठा बाजूला काढला. मी पुढचं कार्ड यंत्रात सरकवलं.

गुरुजी एस.टी.नं कचेरीत आले, स्टुलावर टेकले.

"पाटलाचं बी खरंच हाये, बाई. पण माझ्या मायनं जन्मभर त्याच गावात निंदणी केली. तिचं बोलणं कोणत्या गावाचं मंग?"

"नियम आहे, गुरुजी."

"असंल. भांडायला न्हाई आलो. थकलो आता." पाणी पिऊन म्हणाले, "माय गेली मागल्या महिन्यात. फोटो बी न्हाई तिचा. हे शब्दच हायेत."

मला माझीच लाज वाटली. ते गेल्यावर मी गयाबाईंचा गठ्ठा यंत्रावर घेतला. ओढ्यापलीकडं नवीन गाव दाखवलं, त्याला कुणाचा नसलेला क्रमांक दिला.

नकाशा आला तेव्हा ओढ्यापलीकडं एक जास्तीचा ठिपका होता.

"इथं गाव आहे?" साहेबांनी विचारलं.

"माणसं राहतात, साहेब," मी म्हटलं. त्यांनी मान हलवून पुढचा कागद घेतला.

एक प्रत घेऊन मी गुरुजींकडं गेले. ते अंथरुणाला खिळले होते. त्या दुखण्यातून ते पुढं उठलेच नाहीत. ठिपका दाखवला तशी त्यांनी पेन्सिल मागितली. ठिपक्याशेजारी लिहिलं, गयाबाई किसन सोनवणे. जागा पुरली नाही. नाव पाटलांच्या ठिपक्यावरून पुढं गेलं.