बायोचा बायो

सासूबाई तिला 'बायो' म्हणत. लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून. "बायो, दार लोटून घे." "बायो, माझा चष्मा कुठं पळाला?" त्यामुळे ती नव्यानं लागलेल्या खासगी आरोग्य केंद्राच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात जेव्हा म्हणाल्या, "ताई, तुमचा बायो हवाय मला," तेव्हा ती गोंधळलीच.

"माझा बायो? अहो, मीच बायो."

गंमत कळल्यावर मॅडम खूप हसल्या. बायो म्हणजे परिचय. शिक्षण काय, अनुभव काय, कामाची पद्धत कशी. वेबसाइटवर टाकायचा आणि बाहेर, पेशंट बसतात त्या खोलीत, फोटोसकट फलक लावायचा. "लोक आधी माणूस वाचतात, मग टेबलावर झोपतात," मॅडम म्हणाल्या.

दुपारी मोकळा वेळ मिळाला तेव्हा ती लिहायला बसली. लिहिण्यासारखं कमी नव्हतं. कॉलेजची पदवी घेऊनही ती वर्षानुवर्षं खांद्याला तेलाची पिशवी अडकवून घरोघर मालिश करत हिंडली होती. बाळंतिणी, तान्ही बाळं, कंबर धरून बसलेले म्हातारे. मग नुसते हात राबवून भागणार नाही म्हणून ॲक्युप्रेशर शिकली, श्वासाचे व्यायाम शिकली, आहाराचा वर्ग केला. पुढं मनगटं कुरकुरायला लागली, लोकांचे जिने नकोसे झाले. तेवढ्यात केंद्रातली ही खोली चालून आली. स्वतःचं टेबल, स्वतःचं दार. घरोघरची सगळी कामं तिनं ओळखीच्या दुसऱ्या बाईला देऊन टाकली. परतीचे दोर आपल्याच हातानं कापले.

कागदावर मात्र हे सगळं चार ओळींत आटपलं.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या, "पण कोरडं वाटतंय. तुम्ही या कामात एवढ्या खोल का शिरलात? काहीतरी घडलं असणार."

घडलं होतंच. मुलीचा दमा. लेक लहान असताना तिच्या छातीत मांजर घुरघुरायला लागलं की ही उशाशी बसून पाठीवरून हात फिरवायची, तिच्याबरोबर सावकाश श्वास सोडायची. डॉक्टरांनी दिलेला पंप चालूच होता. पण हात फिरला की लेक घाबरायची कमी, हेही खरं. म्हणून तिनं पाचवी ओळ लिहिली : 'माझ्या मुलीला दमा आहे. श्वासाचे व्यायाम आणि मालिश यांनी तिला बरं वाटतं.'

मॅडमनी त्यावर पेन फिरवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "'स्वतःच्या मुलीचा दमा त्यांनी बरा केला.' तुमचंच आहे, जरा नेटकं केलं. ठीक आहे ना?"

"बरं," ती म्हणाली.

बरं म्हणणं ही तिची जुनी खोड. कुणी काही सांगितलं की तोंडातून आधी 'बरं' बाहेर पडायचं, विचार मागून धापा टाकत यायचा. सासूबाई म्हणायच्या, "बायोच्या 'बरं'वर विसंबू नये. तिचं बरं म्हणजे फक्त ऐकू आलं." पण मॅडम काही सासूबाई नव्हत्या.

फलक लागला. फोटोत ती जरा गोरी दिसत होती. आठवडाभरात लेकीनं ते वेबसाइटवर वाचलं.

"आई, मी बरी झाले? मला कुणी सांगितलंच नाही!"

"अगं, मॅडमनी जरा..."

"वर्गात मी काल पंप घेतला. आता मैत्रिणी विचारतील, ही कुठली दुसरी मुलगी आहे तुझ्या आईला?"

सासूबाई हसल्या. तीही हसली. दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. एक वाक्य बदलायचं होतं. मॅडमनी फलकाकडं बोट केलं. "छापून झालाय, ताई. आणि तुम्ही बरं म्हणाला होतात की. ते वाक्य वाचूनच फोन येताहेत." मग आवाज खाली आणून, "लेकीला इकडं येऊ दे हं, पण पंप तेवढा लोकांसमोर नको."

ती पुन्हा म्हणाली, "बरं." या वेळी तिचं तिलाच ऐकू आलं.

आता दिवसभर त्या वाक्याच्या पुढ्यातूनच तिची ये-जा होती. पाणी प्यायला गेली तर ते समोर, चप्पल घालायला वाकली तर डोक्यावर. पेशंट मोठ्या भक्तिभावानं तिच्याकडं बघायचे. त्यांच्या खांद्यांना, कमरांना तिच्या हातानं खरोखरच आराम पडायचा. पण तो आरामही त्या वाक्याच्या खात्यावर जमा व्हायचा.

एकदा कॉलेज सुटल्यावर लेक तिला न्यायला आली. केंद्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत पोरीचा श्वास चढला होता. बाहेरच्या खोलीत पेशंट बसलेले. लेकीनं एकदा फलकाकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि पुन्हा जिना उतरून गेली. खिडकीतून हिला दिसलं, रस्त्यापलीकडच्या झाडाआड उभं राहून पोरगी पंप घेत होती. चोरी केल्यासारखी. वर यायला तिनं नंतर कधी होकार दिला नाही.

हिनं मात्र त्या दिवसापासून लेकीचा एक जादा निळा पंप आपल्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. लेक आता कुठं आणि कुणापासून लपवेल, काय नेम?

मग ती बाई आली. बरोबर सहाएक वर्षांची मुलगी. बाईनं आत येताच बायोचे हात हातात घेतले.

"तुमचं वाचलं आणि ठरवलंच. हिचा पंप बंद केला मी."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. सवय लागते म्हणतात त्याची. आता तुमच्याच हाती सोपवते."

मुलगी टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत बसली होती. बोलत नव्हती. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते आणि गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. तो आवाज ओळखायला हिला कान लावायची गरज नव्हती. तो आवाज घरात वाढला होता.

"पंप बंद करू नका," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच."

बाई समजूतदारपणे हसली. "असं म्हणावंच लागत असेल तुम्हाला. नियम असतील."

"नियमाचं नाही. माझ्यानं दमा बरा होत नाही."

"बघा, किती साध्या आहात! बाहेर एवढं लिहिलंय, आणि तोंडानं म्हणता होत नाही. खरी माणसं अशीच असतात."

जितकं नाही म्हणावं तितकी ती थोर ठरत होती. शब्दांनी भिंत उभी केली होती, आता शब्दांनी ती पडणार नव्हती. तिकडं पोरीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, ओठ फिके दिसायला लागले होते.

"हिचा पंप आणलाय?"

"टाकूनच दिला मी तो."

तिनं पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या, रुमाल, कंगवा, त्यात निळा पंप. पोरीनं तो पाहिला आणि पहिल्यांदाच बोलली, तुटत तुटत, "माझा... पण... असाच."

"मग तुला येतोच घ्यायला. श्वास सोड आधी. सगळा. हं, आता ओढ."

ती पाठीवरून हात फिरवत राहिली. थोडं थांबून पुन्हा एकदा पंप दिला. खांदे हळूहळू खाली आले. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र केव्हाच गेलं होतं.

"हा कुणाचा?"

"माझ्या मुलीचा. तिला दमा आहे. आजही आहे. तुम्ही आत्ताच्या आत्ता हिच्या डॉक्टरांकडं जा, मी खाली गाडी बघून देते."

"मग ते बाहेर कुणी लिहिलंय?"

मॅडमचं नाव जिभेवर आलं होतं. "मी बरं म्हणाले," ती म्हणाली. "म्हणजे मीच."

बाईनं मुलीला कडेवर घेतलं. मोठी मुलगी होती, पाय खाली लोंबत होते. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्हीही आईच ना हो?"

त्यांना गाडीत बसवून ती जिना चढून आली तेव्हा मॅडम तिच्या खोलीत उभ्या होत्या. बाहेर सगळ्यांनी ऐकलं होतं.

"फलकाचं बघू आपण पुढच्या छपाईला," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "तोवर असले तमाशे नकोत. नाहीतर ही खोली घ्यायला माणसं आहेत माझ्याकडं. तो पंप आधी आत ठेवा. पुढच्या बाई येताहेत. बरं?"

किल्ल्या, रुमाल, कंगवा एकेक करून पर्समध्ये भरलं. पंप तेलाच्या बाटल्यांशेजारी तसाच राहिला. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, पंपाकडं पाहिलं आणि दार ओढून गेल्या. ही खोली उद्या आपली असेल की नाही, हे काही तिला मॅडमच्या पाठीवरून कळलं नाही.

दारातून पुढची बाई डोकावली. "तुम्हीच ना त्या? मुलीचा दमा..."

"या, बसा," ती म्हणाली. "झोपू नका अजून. आधी हे बघा."