किल्ल्यांचा खांब
टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडचा दमट उन्हाळा लागला की जुन्या लाकडाला वास सुटतो आणि मला ती दुपार आठवते. मेहुण्यांनी मलेशियाच्या ट्रिपवरून हातभर उंचीचा एक कोरीव लाकडी खांब आणून दिला होता. ‘अँटिक आहे,’ म्हणाले. मी कलेतला मोठा जाणकार, त्यावर गाडीच्या किल्ल्या अडकवू लागलो. एका दुपारी शेजारच्या मलेशियन काकू जेवायला आल्या आणि खांब पाहून दारातच थबकल्या. डोक्यावरचा रुमाल सावरत काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, ‘ही कबरीवरची खूण आहे. चपटी आहे, म्हणजे बाईची.’ ‘रात्री येईल का हो ती?’ मी हसत विचारलं. हसू काही जमलं नाही. ‘आमच्या धर्मात तसं मानत नाहीत. गेलेलं माणूस अल्लाकडे असतं, लाकडात नाही. पण तिची नातवंडं आता दुआ मागायला कुठे उभी राहणार?’ लगेच मेहुण्यांना फोन लावला. दुकान कुठलं, गाव कुठलं, त्यांना काहीच आठवेना. फोटो मात्र छान आले होते म्हणे. आता खांब पांढऱ्या कापडात गुंडाळून वरच्या खोलीत ठेवलाय. आमच्यामागे हा गराज सेलमध्ये काढू नका, असं मुलांना बजावलंय. फोनमधून डोकं वर न काढता दोघंही म्हणाले, ‘ओके, बाबा.’