सलीमनं कबूल केलेली उशी

काश्मीरमधल्या एका डोंगरी चौकीवर मी रेडिओ ऑपरेटर होतो. सेट पाठीवर घेऊन दिवसभर चढ-उतार. रात्री बंकरच्या दगडी ओट्यावर झोप, तीही नेहमी उजव्या कुशीवर. त्या हिवाळ्यात उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं. आधी चढताना, मग कूस बदलतानाही.

डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी तिथे बोट दाबलं. मी ओरडलो.

"बर्सायटिस," ते म्हणाले. "हाडावर स्नायू घासू नये म्हणून तिथे द्रवाची बारीक पिशवी असते. ती सुजली आहे. सांधा ठीक आहे. पण विसावा दिला नाहीस तर दुखणं लांबेल."

चढ बंद. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. गुडघ्यांमध्ये उशी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, गोळ्या. दुखणं उतरल्यावर खुब्याचे व्यायाम. ताप आला किंवा जागा लाल, गरम झाली तर लगेच कळवायचं.

दुसऱ्या दिवशीच्या गस्तीवर माझा सेट सोबतच्या ऑपरेटरनं, सलीमनं, उचलला. मी अमरावतीचा, तो अकोटचा; त्याचे वडील गाद्या भरत. मी चौकीतल्या सेटजवळ डाव्या कुशीवर पडून होतो.

"बरफ लावला का बे? ओव्हर." सेटवर सलीमचा आवाज आला.

"हाओ. नीट बोल, साहेब ऐकून राहिले. ओव्हर."

"गुडघ्यात काय ठेवलं? ओव्हर."

"कांबळं. ओव्हर."

"घरी गेलो का अब्बाकडून उशी भरून आणतो तुले. ओव्हर."

गस्त नाल्यात उतरली. मग त्याचा आवाज एकदम बदलला. "कॉन्टॅक्ट. वेट, आउट."

गोळ्यांचा आवाज सेटवर आधी आला, डोंगरातून नंतर. मी पुकारत राहिलो. नुसती खरखर. शेवटी सुभेदारसाहेब बोलले, "ऑपरेटर गेला."

पेन्शनवर घरी आलो तेव्हा वऱ्हाडात कापसाची वाईट वर्षं चालू होती. लग्नं साधी होत, नव्या गाद्या कोण भरणार? तरी सलीमचे अब्बा, माझे चाचा, दुकान उघडत. मी दर ईदला अकोटला जायचो, पण त्या गस्तीबद्दल कधी बोललो नाही. खुब्यानं पुन्हा डोकं वर काढलं होतं. इथल्या डॉक्टरांनीही तेच उपाय सांगितले. मी एकही करत नव्हतो. मुद्दाम फरशीवर, उजव्या कुशीवर झोपत होतो.

"काहून लंगडून राहिला बेटा?" चाचांनी विचारलं.

त्या दिवशी सांगून टाकलं. गस्त माझी होती. सलीम माझ्या जागी गेला. उशीचं बोलणंही सांगितलं.

चाचांनी पिंजण बाजूला ठेवलं. "तू लंगडल्यानं तो वापस येनार हाय का? दवा कर."

मग त्यांनी आतून एक जुनी गादी ओढत आणली, उसवली आणि कापूस पिंजायला बसले. निघताना उशी माझ्या हातात दिली.

"घट्ट भरली, दबनार नाही. कापूस त्याच्याच गादीतला हाय."

आता मी डाव्या कुशीवर झोपतो. व्यायाम करतो. दुखणं बरंच उतरलंय. पहाटे जाग आली की हात सेट शोधतो, आणि उशीला लागतो. मी पुकारतो, लान्स नायक सलीम. उत्तराची वाट पाहत नाही.