भावोजींचं स्वस्त कर्ज

अख्ख्या तंजावूरात व्याज काय ते आपल्यालाच कळतं, असं छातीठोक सांगणारा आणि व्याजातलं ओ की ठो न कळणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वांगी दोन रुपयांनी स्वस्त मिळतात म्हणून हा गृहस्थ स्कूटर काढून दहा-बारा किलोमीटरवरच्या तिरुवैयारुला जायचा. "भावोजी, पेट्रोलचं काय?" विचारलं, की म्हणायचे, "पेट्रोल स्कूटर पिते रे, वांगी आम्ही खातो!" आता या अकलेला काय म्हणावं?

याच अकलेवर त्यांची भातगिरणी चालायची. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते, आणि भावोजींना तांदूळ निवडणारं परदेशी यंत्र हवं झालं. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर. डॉलरच्या कर्जाला रुपयाच्या निम्मं व्याज, हे कळल्यावर स्वारी हवेत! मी घसा फोडून सांगितलं, "तुमचा तांदूळ विकला जातो रुपयांत, फेडायचे डॉलर. रुपया घसरला की मुद्दलच फुगेल. थोडे पैसे भरून डॉलरचा भाव आजच बांधून घ्या." त्यांनी हिशेब केला. ते पैसे धरले तर कर्ज जवळजवळ रुपयाच्या कर्जाइतकंच महाग! "म्हणजे स्वस्त कर्ज महाग करायला मीच पैसे मोजू? पैत्यम्!" म्हणजे मलाच वेडा ठरवलं.

शेवटी अक्काने जेवण वाढायचं थांबवलं, तेव्हा एका शुक्रवारी बँकेत आले. अकरा वाजता मद्रासहून फोनवर भाव आला. तो अर्धा तासच टिकणार होता. कागद पुढे केला, तर यांनी पेनाला टोपण लावलं. "राहुकालम! बारा वाजेपर्यंत सही नाही." मी हात जोडले, मॅनेजरनी डोक्याला हात लावला. हे आपले घड्याळाकडे बघत शांतपणे कॉफी पीत बसले. बारानंतर नवा भाव आला, चांगलाच चढलेला. "सोमवारी उतरेल," म्हणाले. कसला उतरतोय! रुपया घसरतच गेला, आणि भाव काही त्यांनी बांधला नाही.

दोन वर्षांत गिरणी विकायची पाळी आली. यंत्रं सुटी करून विकली असती तर कर्ज फेडून वर बरेच पैसे उरले असते. तसं गिऱ्हाईकही मी आणलं होतं. पण भावोजींनी गिरणी दुसऱ्यालाच दिली, बऱ्याच कमी पैशांत. का, तर तो सगळ्या कामगारांना ठेवून घ्यायला तयार होता. "अहो, तोटा कळतोय का तुम्हाला?" मी ओरडलो.

"कळतोय रे," ते म्हणाले. "या खेपेला पुरता कळतोय."

किल्ल्या देऊन आम्ही चालत घरी आलो. जन्मभर मी या माणसाला मूर्ख म्हणत आलो, तोंडावरही म्हटलं. त्या दिवशी वाटेत मी वांगी घेतली, आणि भाव त्यांनाच करू दिला. आज ते नाहीत. त्यांच्या गिरणीतली माणसं रस्त्यात भेटली की आधी त्यांचीच आठवण काढतात, आणि मला फार एकटं वाटतं.