हलकी जीप आणि मुठ्याचं दूध

किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. गाडी खोलून ठेवली की कुणीतरी बघायला येतं, चहा मागवतं, जाता जाता काहीतरी बोलतं आणि ते आपल्याकडे राहून जातं. पिरंगुटच्या आमच्या गॅरेजात वर्षभरात असे इतके साचलेत, की मित्र भेटले की मी हवापाण्याचं विचारायच्या आधी तेच सुरू करतो.

झालं असं, की पेट्रोल महागलं आणि दूध सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब म्हणाले, मुठ्याहून दूध आणणाऱ्या जीपची फेरी परवडत नाही. महिनाभरात जीपचं पेट्रोल कमी झालं नाही तर फेरी बंद. म्हणजे मुठा खोऱ्यातल्या बायांनी पूर्वीसारखे कॅन डोक्यावर घेऊन घाट चढायचा, नाहीतर म्हशी विकायच्या. मी नुकताच इंजिनीअर झालो होतो. माझा जोडीदार भरे गावचा रमेश कांबळे, लोखंड कातायच्या लेथवर हात बसलेला. आम्ही म्हटलं, महिना कशाला हवा?

*

आधी फ्लायव्हील काढलं. इंजिनामागचं हे जड चाक. गाडी थांबून निघाली की दरवेळी त्याला नव्यानं वेग द्यावा लागतो, आणि दुधाची जीप तर वाडीवाडीला थांबते. रमेशनं लेथवर त्याची कड उतरवली. निघालेला लोखंडाचा कीस पिशवीत भरून मी मोठ्या ऐटीत आप्पासाहेबांकडे नेला. त्यांनी पिशवी हातात तोलली.

"एवढंच? माझी न्ह्यारी ह्याच्यापरीस जड असतीया."

*

जीप आता चटकन पळायची, पण उभी राहिली की इंजिन बंद पडायचं. ड्रायव्हर बबनदादांनी स्वतःच उपाय काढला. कॅन चढेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचा! रस्त्यात वाचलेलं पेट्रोल थांब्यावर जळू लागलं. मी तणतणलो. ते शांत.

"बंद पडली तर दूध नासंल. पेट्रोल काय नासत न्हाई."

रमेशनं कार्ब्युरेटर असा जुळवून दिला, की उभ्या जीपचं इंजिन बंद पडेना.

*

मग पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढला. मागच्या दोन चाकांवर काम भागतं, तर ते लोखंड फुकट कशाला फिरवायचं? हिशेब बरोबर होता. फक्त मुठ्याचा ओढा हिशेबात नव्हता. जीप चिखलात बसली. एका शेतकऱ्यानं नांगर सोडून बैल आणले, जीप ओढून काढली, वर आम्हाला चहा पाजला. बबनदादा चहा फुंकत म्हणाले,

"साहेब, बैलांचा अ‍ॅव्हरेज कसा काढायचा?"

*

पेट्रोल मोजायला म्हणून एकदा मी एकटाच जीप घेऊन खोऱ्यात गेलो. परतताना मागे तांदळाची पोती होती, एक कोंबडी, तिघी म्हाताऱ्या आणि आजारी वासरू. नको म्हटलं तर उत्तर एकच: "आमच्यासाठी खपताय, आन आमी मोकळं धाडायचं व्हय?" जेवढं लोखंड आम्ही उतरवलं, त्याच्या कितीतरी पट आभार जीपमध्ये बसले होते!

शेवटी मी वाडीवाडीवर जाऊन हात जोडले. बाबांनो, चेअरमन तपासायला येतील त्या दिवशी जीपमध्ये दुधाशिवाय काही चढवू नका. अशी माणसं आपल्या वाट्याला यावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

*

तो दिवस आला. सकाळी टाकी काठोकाठ भरली, आप्पासाहेब पुढं बसले, आम्ही मागे. खोऱ्यात एकानंही हात दाखवला नाही. माणसं रस्त्याकडेला पाठीमागे हात बांधून उभी, जणू पुढाऱ्याची मोटार चाललीय.

परतीच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी ठकूमावशीनं आपला कॅन चढवला आणि आप्पासाहेबांकडे बघत तशीच उभी राहिली.

"आप्पा, तुमी उतरा."

"का गं?"

"पोरांनी म्हैनाभर घासून हलकी केलीया. तुमी वर बसल्यावर काय उपेग?"

बबनदादांनी नजर समोरच ठेवली. रमेशला एकाएकी खोकला आला. आप्पासाहेब उतरले; मावशी वाट दाखवायला पुढं झाली आणि ते तिच्याबरोबर चालू लागले. आम्हीही उतरायला लागलो, तर बबनदादांनी गिअर टाकला.

घाटमाथ्यावर आम्ही त्यांची बराच वेळ वाट पाहिली. मावशी आधी पोचली. आप्पासाहेब आले ते धोतराच्या सोग्यानं घाम पुसत, आणि दगडावर बसून राहिले.

"मावशे, तू ह्यो घाट कॅन घिऊन चढायचीस?"

"जीप न्हवती तवा रोजच की."

पिरंगुटला टाकी पुन्हा भरली. पेट्रोल खरंच कमी लागलं होतं! हलक्या फ्लायव्हीलमुळे काय काय होतं, ते मी समजावू लागलो. आप्पासाहेबांनी गुडघे चोळत ऐकून घेतलं.

"इंजिनीअर, ह्यातलं तुमच्या चाकाचं किती, आन माझ्या पायांचं किती?"

मी हिशेबाला कागद काढेपर्यंत ते बबनदादांकडे वळले.

"उद्या मुठ्याला येळेवर जा. बाया ताटकळत्यात."